नवा द्राक्षारस

सीबीडी बेलापूरला माझी बदली झाली, त्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरच्या अखेरीस आर्टिस्ट व्हिलेजमधील एक वयोवृद्ध गृहस्थ मिस्सानंतर भेटले. फ्रान्समधील लिऑन शहरी नोकरी करणारा त्यांचा मुलगा रजेवर आला होता.

“फादर, आज जेवायला या. मुलाने बोजोले नूव्होची बाटली आणली आहे. आपण मिळून उघडू.”

मी टाळले. आगमनकाळाची तयारी होती, हे एक कारण. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. धर्मगुरूने एखाद्याच्या घरी पेला उचलला तर लोक काय म्हणतील, ही भीती हे दुसरे. “नाताळात पाहू,” मी म्हणालो. त्यांनी बाटली माझ्या स्वाधीन केली. नाताळ गर्दीत सरला आणि पुढच्या प्रायश्चित्तकाळात त्या गृहस्थांच्या अंत्यविधीचा मिस्सा मलाच अर्पण करावा लागला.

नोव्हेंबरात मुलगा पुन्हा आला, तेव्हा आम्ही ती बाटली उघडली. रंग उरला होता. सुगंध मात्र उडून गेला होता.

“फादर, हा द्राक्षारस ठेवण्याचा नसतोच,” तो हळूच म्हणाला.

जुना द्राक्षारस तो चांगला, हेच आजवर माझ्या मनात पक्के होते. त्याने मला समजावून सांगितले. लिऑनच्या उत्तरेस बोजोले प्रांत आहे. तेथील गामे जातीच्या काळ्या द्राक्षांचे घड हातांनी तोडतात आणि न चिरडता बंद टाकीत भरतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे मण्यांच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. म्हणून या रसात तुरटपणा कमी आणि फळाचा ताजेपणा अधिक. तोडणीनंतर काही आठवड्यांतच तो तयार होतो. 1951 साली तो लवकर विकण्याची परवानगी मिळाली. 1985 पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार त्यासाठी ठरला आहे. त्या मध्यरात्री पिंपे उघडतात, शेजारीपाजारी एकत्र येतात. सुगीच्या श्रमांचा तो पहिला घोट. काही महिन्यांतच संपवायचा. युरोपात अनेक ठिकाणी 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, नवा द्राक्षारस चाखण्याची जुनी रीत आहेच. आपल्या नाशिककडे तेव्हा ऑक्टोबर छाटणीनंतरची नवी फूट वाढत असते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते.

प्रिय वाचकहो, व्यसनाबद्दलची माझी भीती आजही कायम आहे आणि ती असावीच. परंतु त्या वृद्धाने मला पेल्यासाठी बोलावले नव्हते. परदेशी गेलेला मुलगा घरी आला होता. त्या आनंदात त्यांना सोबत हवी होती. तो आनंद त्याच रात्रीचा होता आणि मी तो कपाटात ठेवून दिला.

यंदा नोव्हेंबरात मी त्यांच्या पत्नीकडे न बोलावता गेलो. त्यांनी नाताळसाठी काळ्या मनुकांची वाइन घातली होती.

“अजून मुरली नाही, फादर. कच्ची आहे.”

“असू द्या, बाई,” मी म्हणालो. “थोडी आजच द्या.”