खुंट्याला दुसरा हात



मांड्यांची कथा कीर्तनात लावली की एक गोष्ट हमखास दिसते. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई खापर आणायला कुंभाराकडे निघाली, आणि विसोबा चाटींनी तिला गावात कोणी खापर देऊ नये अशी तजवीज केली. येथवर स्त्रियांची बाजू अगदी जागी असते. पुढे ज्ञानोबारायांनी जठराग्नी चेतवला, पाठ तव्यासारखी तापली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले, असे म्हटले की पुरुषांच्या बाजूने नामाचा गजर होतो. बायका मात्र अजून खापरापाशीच असतात. चाळीसहून अधिक वर्षे मी नारदाच्या गादीवरून हे पाहत आलो.

त्याचे कारण आहे. ज्यांनी मांडे केले आहेत त्यांना चमत्काराआधी अडचण दिसते. पीठ तलम चाळायचे, कणीक सैल भिजवून तिंबत राहायचे, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उपड्या खापरावर अलगद सोडायचा. एवढे सगळे तयार, भाऊ जेवायला बसायच्या बेतात, आणि खापरच नाही. शके 1201 चा मुक्ताईचा जन्म, शके 1219 मध्ये तापीकाठी ती अंतर्धान पावली. अठरा वर्षांचे आयुष्य. आपण तिला आदिशक्ती म्हणतो, चांगदेवांची गुरू म्हणतो, ताटीचे अभंग गातो. पण या कथेत ती चूल सांभाळणारी लहान मुलगी आहे, आणि आमच्या घरच्या आजींना तीच मुक्ताई जवळची वाटते.

आजी म्हणजे आमचे कुटुंब. नातवंडे झाल्यापासून घरात सगळे त्यांना आजीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय सत्तरीला दोन कमी. चौथीपाचवीच्या पुढे शाळा झाली नाही, पण हरिपाठ मुखोद्गत आहे आणि हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे. त्यांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. सडा, तुळशीला पाणी, मग ज्वारीची भाकर. आमच्या बुलढाणा-जालन्याच्या शिवेवरच्या भागात भाकरीवाचून जेवण होत नाही. थंडीत अधूनमधून कळण्याची भाकर, ज्वारीत उडीद दळून केलेली, आणि तिच्याबरोबर मिरचीचा ठेचा. एकादशीला भाकरीला सुट्टी असते, आजींना नसते. त्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

भाकरीबद्दल जरा सावकाश सांगतो. दळण आठ दिवसांचेच आणायचे, कारण पीठ जुने झाले की त्याची जिग जाते आणि भाकर थापताना कडेने चिरते. जिग गेलेल्या पिठाला उकळत्या पाण्याशिवाय गत नाही. काठवटीत पीठ तळहाताच्या टाचेने रगडायचे, थापताना भाकर आपल्या आपण फिरली पाहिजे, तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी वाळायच्या आत उलटायची. मग निखाऱ्यावर धरली की टम्म फुगते. गॅस आल्यावरही थोरल्या सणाला परसातली चूल पेटते. पावसाळा संपला की रोडगे होतात: जाडसर गव्हाच्या पिठात ओवा, मीठ, तेलाचे मोहन घालून पदर काढलेले गोळे, गोवऱ्यांचा जाळ बसून निखारा पडला की त्यात पुरायचे. राख झटकून फोडला की आतून वाफ येते. वर तूप, शेजारी वरण आणि वांग्याची भाजी. भाजणे ही आजींची खरी विद्या. किती आच, किती वेळ, हे त्या वासावरून सांगतात.

मला या विद्येचा आदर लहानपणापासूनच आहे, आणि त्याचे श्रेय आळंदीला. जोग महाराजांनी 1917 मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आम्ही शिकलो. ज्ञानेश्वरी, गाथा, विचारसागर हे गुरुजनांनी दिले. माधुकरी मात्र गावाने दिली. झोळी घेऊन दारात उभे राहिले की आतून कोणीतरी म्हातारी बाई कोरभर भाकर घेऊन यायची. आमच्या पिढीच्या कीर्तनकारांच्या अंगात आळंदीच्या आजींची ज्वारी-बाजरी आहे, हे मी व्यासपीठावरूनही सांगत असे.

आता केकची गोष्ट. पूर्वी दिवाळीच्या आधी आजी मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात भरून भट्टीवर नानकटाई भाजायला नेत. तिथे बायकांची रांग, पत्र्याच्या ताटांवर चिठ्ठ्या, आणि आपले ताट दुसरीकडे जाऊ नये म्हणून दोन-दोन तास पहारा. आता नात मोठी झाली, तिने वाढदिवसाला केक मागितला. आमचे घर माळकरी. विकतच्या केकमध्ये काय असेल सांगता येत नाही. आजींनी नातीला मोबाईलमध्ये बघायला लावले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "यात अवघड काय आहे? रोडगाच तर आहे." कुकरची शिटी आणि रबर काढले, तळाला मीठ पसरून तापवले, अंड्याच्या जागी दही आणि खायचा सोडा घातला. पहिला केक मध्ये बसला, दुसरा चांगला फुगला. कापण्याआधी तुळशीपत्र ठेवून देवाला नैवेद्य दाखवला. पांडुरंगाने आजवर लोणी, कण्या, पोहे सगळे गोड मानले. केकची त्याला काय अडचण असणार.

दुपारी दोन ते चार मात्र त्या कोणाच्या नसतात. ओसरीवर बसून क्रोशाचे विणकाम चालते. शाळेत असताना एका बाईंनी शिकवले तेवढ्या भांडवलावर पन्नास-पंचावन्न वर्षे चालली आहेत. सुई आणि दोऱ्याचे गुंडे पूर्वी बालाजीच्या यात्रेत घेत. आश्विनात आमच्या देऊळगाव राजाला बालाजीची मोठी यात्रा भरते; लोक दर्शन करून मिठाईच्या दुकानाकडे वळत, आजी दोऱ्याच्या दुकानाकडे. दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, बाळंतविड्यातले टोपडे, माझ्या ज्ञानेश्वरीच्या बासनाची किनार, टाळांची पिशवी. गावातल्या किती बाळांच्या डोक्यावर त्यांची टोपडी चढली याची मोजदाद नाही. त्यांतली काही बाळे आता दिंडीत पताका धरतात.

विणकामाची भाषा मला फार आवडते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. मुका खांब म्हणजे सर्वांत ठेंगणा टाका, पण किनार घट्ट राहते ती त्याच्यामुळे. एकदा सप्ताहाला आलेले एक तरुण कीर्तनकार ओसरीवर टेकले होते. आजींची बोटे पाहून म्हणाले, "वा माउली, टाक्याटाक्याला नामस्मरण चाललेले दिसते." आजी म्हणाल्या, "नाही महाराज. नाव घेतलं की खांब चुकतो. हे मोजायचं काम आहे. नाव मी भाकर करताना घेते, तिथं हात आपला आपण चालतो." ते हसले, पण मला वाटते त्या उत्तरात कर्म आणि नाम यांचे जे निरूपण आहे ते मोठ्या ग्रंथांतही इतके स्वच्छ सापडायचे नाही. लक्ष मागणारे काम वेगळे आणि सवयीचे काम वेगळे, हे ज्याला कळते त्याचेच नाम टिकते.

संध्याकाळी त्याच पाहुण्यांनी कीर्तनात जनाबाईंचे चरित्र सांगितले. गंगाखेडची पोर, पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी दासी, आणि तिच्या जात्याला हात लावणारा पांडुरंग. गोपाळपुरात आजही यात्रेकरूंना ते जाते दाखवतात. निरूपणाचा शेवट त्यांनी असा केला की स्त्रियांनी घरातली कामे आनंदाने करावीत, त्यांना वारी करायची गरज नाही, देव घरी येतो. पुरुषांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर आमची नात, अकरावीत आहे, मला म्हणाली, "आबा, देव जनाबाईच्या घरी आला तेव्हा त्यानं काय केलं?"

"दळू लागला."

"मग आपल्या घरी दळू लागायला कोण येतं?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला आणि जे सापडले ते येथे मांडतो. संतचरित्रांत पांडुरंग स्त्रियांच्या कामाची स्तुती करताना फारसा आढळत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो. जनाबाईबरोबर शेण्या वेचतो. आमच्याच तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखोबारायांचे जन्मगाव, आणि खडकपूर्णेच्या धरणाला संत चोखासागर हे नाव आहे. त्या चोखोबांच्या घरची कथा सर्वांना ठाऊक आहे. सोयराबाई अडलेल्या, चोखोबा बहिणीला, निर्मळेला आणायला गेलेले, आणि देव निर्मळेचे रूप घेऊन आला. त्याने बाळंतपण केले. पाणी तापवले असेल, चूल फुंकली असेल, धुणे धुतले असेल. बाळंतपण म्हणजे हेच असते. या कथांचा अर्थ "बायांनो, दळत राहा" असा लावणे मला पटत नाही. जनाबाईंनी जात्यावर बसून हाक मारली होती, आणि हाकेला उत्तर म्हणून दुसरा हात आला. आपण कथा सांगताना हात विसरतो आणि जाते तेवढे ठेवतो. हा संप्रदाय ज्यांनी घडवला त्यांच्यात मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कान्होपात्रा, शिऊरच्या बहिणाबाई आहेत. वारी त्यांच्यासाठी नव्हे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

हे बोलणे येथेच थांबले असते. पण गेल्या चैत्रात आजी जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "यंदा मी मुक्ताईसंगं चालणार आहे."

मुक्ताईची पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघते. बुलढाणा, चिखली, देऊळगाव मही करत आमच्या गावी येते आणि जालन्याच्या वाटेला लागते. गावोगावचे लोक वारकऱ्यांच्या पंगती सांभाळतात. आमच्या घरून एका दिंडीला भाकरी आणि पिठले जाते, शंभराच्या वर भाकरी. शेजारणी गमतीने म्हणत, "आजी, लष्कराच्या भाकरी झाल्या का?" पालखी रस्त्याने जाताना आजी पिठाच्या हातांनी दाराशी येत, पादुकांवर डोके ठेवत आणि परत चुलीपाशी जात. एका वर्षी पादुकांवर घालायला क्रोशाचा रुमाल विणून दिला होता, तेवढाच त्यांचा पालखीबरोबर पंढरीला गेला.

मुलगा म्हणाला, "आई, गुडघे? मी गाडीनं नेतो पंढरपूरला."

"गाडीनं मी कधीही जाईन. एक मुक्काम तरी चालू दे."

"आणि दिंडीच्या भाकरी?" हे सून म्हणाली, आणि तिचे बरोबर होते. तो भार तिच्यावरच येणार होता.

नातीने वहीचे पान फाडले आणि सगळ्यांची नावे लिहिली, त्यात माझेही. गादीवरून उतरल्याला सहा वर्षे झाली, आवाज बसला, पण हात धडधाकट आहेत. महिनाभर मी रोज दोन भाकरी थापल्या. पहिल्या आठवड्यात काठवटीत महाराष्ट्राचे सगळे जिल्हे तयार झाले. आजी बाजूला बसून खांब मोजत आणि मान वर न करता सांगत, "कडेला दाब. मध्ये नको." त्या दिवशी पहाटे तीनला आम्ही चौघे आणि शेजारची दोन मुले बसलो. मुलगा मळायला, मी आणि सून थापायला, नात तव्यावर, मुले चूल आणि पाणी. नऊच्या सुमारास एकशेदहा भाकरी टोपल्यात होत्या. माझ्या खांद्याचे काय झाले ते सोडा.

आजी नऊवारी नेसून, कपाळाला बुक्का लावून, टाळांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दोऱ्याचा गुंडा घालून पालखीमागे निघाल्या. वेशीपर्यंत मी पोचवायला गेलो. ऊन चढत होते. त्या बायकांच्या रांगेत मिसळल्या आणि पुढे कोण आपली हे ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीने, अर्ध्या तिकिटात, परत आल्या. पाय सुजले होते. सुनेने ऊन पाण्यात मीठ घालून पाय शेकले. टोपल्यात उरलेली कालची एक भाकर त्यांनी मोडून तोंडात टाकली आणि विचारले, "पीठ कोणी मळलं?" मुलगा अंगणात काहीतरी शोधू लागला.

"वाट कशी होती?" मी विचारले.

मुक्कामाला एका वारकरीण बाईने त्यांना शिंपल्याचा नवा नमुना दाखवला होता. तो विसरायच्या आत विणून ठेवायचा म्हणून त्यांनी गुंडा बाहेर काढला होता. सुई चालू झाली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या, "मोजते आहे."