मुद्रणप्रत पाठवण्याआधी

तुकोबांचा अभंग उद्धृत केला आणि खाली नुसता क्रमांक टाकला, तर वाचक हमखास चुकतो. इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ साली छापायला घेतलेल्या गाथेतला क्रमांक जोगमहाराजांच्या गाथेत जुळत नाही. ज्ञानेश्वरीचेही तेच. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत आणि घराघरांत पारायणाला असते ती पोथी, यांत ओव्या कमीजास्त आहेत. म्हणून अभंगाचे पहिले चरण, क्रमांक, संपादक, आवृत्ती, साल, सगळे द्यावे. लीळाचरित्राला तर हे दुप्पट लागू. नेने आणि कोलते यांच्या प्रतींतले लीळांचे क्रमांक एक धरून चालताच येत नाही.

•

शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन, ही सवय अपुरी आहे. शक पाडव्याला बदलतो, इसवी सन पौषाच्या सुमारास. माघ-फाल्गुनातल्या पत्राला ७९ मिळवावे लागतात. ऐतिहासिक पत्रांवरच्या लेखात एवढ्याने घटनाक्रम उलटा होतो.

•

विविधज्ञानविस्तार हे मासिक १८६७ चे. त्या काळातला उतारा घेताना 'नांव', 'कांहीं', 'नाहीं' यांवरचे अनुस्वार तसेच ठेवावेत. १९६२ च्या लेखननियमांनी ते आपल्या लेखनातून काढले, जुन्यांच्या नव्हे. काही कारणाने बदललेच, तर टिपेत तसे सांगावे. अवतरणचिन्हांच्या आत आपला हात फिरता कामा नये.

•

श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोडात आणल्यावर पुन्हा अक्षरशः वाचून काढावा. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी सुटी पडते. सर्वांत जपायचे ते अर्ध्या ऱ ला. 'दऱ्या'चे 'दर्या' झाले तर शब्द अचूकच दिसतो, फक्त दरीच्या जागी समुद्र येतो, आणि मुद्रितशोधकालाही ते कळेलच असे नाही. ती चूक लेखकच पकडू शकतो.

•

परीक्षकाला लेखकाचे नाव कळू द्यायचे नसेल तर पहिल्या पानावरून ते काढणे पुरेसे नाही. 'माझ्या यापूर्वीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे' या एका वाक्यात सगळे उघड होते. फाइलच्या माहितीतही नाव राहते.

•

प्रबंधातले प्रकरण म्हणजे लेख नव्हे. प्रबंधात आपल्याला किती माहीत आहे ते दाखवावे लागते. लेखात एकच गोष्ट सिद्ध करायची असते. पहिली आठ पाने पूर्वसूरींचा आढावा घेणारा लेख मी मन लावून वाचतो, पण नववे पान येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

•

विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०१९ ला आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली. मधल्या काळात तरुण प्राध्यापकांचा पहिला प्रश्न 'यादीत आहे का?' हाच असे. बढतीच त्यावर अडलेली, त्यांना दोष देववत नाही. पण 'नवभारत', 'भाषा आणि जीवन', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' यांचे मागचे चार अंक चाळल्याशिवाय आपला लेख कुणाच्या घरचा हे कसे कळणार? भाषाविचार कुठे रुजेल, तत्त्वचर्चा कुठे, हे अंकच सांगतात.

•

एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी. पोच आली नाही तर महिन्याने विचारावे. नकार आला तरच दुसरीकडे पाठवावा.

•

माझा पहिला लेख साभार परत आला होता. तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते : 'कुठली आवृत्ती?' मी पुस्तक शोधायला ग्रंथालयात गेलो. पान सापडले. मी अवतरणात दिलेले वाक्य तिथे होते, पण त्यातले एक क्रियापद मूळ लेखकाचे नव्हते. मी ते आठवणीतून लिहिले होते, आणि लेखातला माझा सारा युक्तिवाद त्याच क्रियापदावर उभा होता.