डाळिंबी लुगडं

आईबद्दल लिहायला बसलं की लेखणी आपोआप कष्टांकडे वळते. पहाटेचं जातं, चुलीचा धूर, सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलंसुरलं खाणं. माझ्या अव्वाच्या वाट्यालाही हे सगळं आलं. पण तेवढंच सांगितलं तर ती अर्धीच सांगून होते. अव्वा मोठी हौशी बाई होती. आपल्याला काय आवडतं हे तिला नेमकं माहीत होतं, आणि ते ती बोलून दाखवायची. तिची ही हौस मी सगळ्यात जवळून पाहिली ती एका डाळिंबी इरकल लुगड्यात.

आमचं मैंदर्गी अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नगरपरिषद असलेलं, पण वळण खेड्याचंच. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात जे तोंडाला येईल ते. अव्वा अप्पांना जेवायला हाक मारायची ती ‘री, ऊटक्क बर्री’ अशी, आणि एसटीच्या कंडक्टरशी भांडायची ती खणखणीत मराठीत. ज्या इलकल गावाच्या नावावरून हे लुगडं ओळखलं जातं ते बागलकोट जिल्ह्यातलं, पण आमच्याकडच्या बायकांना ते कधी परमुलखातलं वाटलं नाही. अंगात गुळेदगुड्डच्या खणाची चोळी आणि वर इरकल, हा तिच्या पिढीचा थाट होता.

ते लुगडं घरात आलं १९७२ च्या दुष्काळाआधी. त्या साली तूर चांगली पिकली होती. दुधनीच्या अडतीवर माल घातला, पट्टी हातात आली, आणि अप्पा घरी काही न सांगता सोलापूरला जाऊन लुगडं घेऊन आले. मोरपंखी. आमच्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांशी कौतुकानं बोलायची रीत नव्हती. लुगडं आणणं हेच बोलणं होतं. अव्वानं ते उजेडात धरलं, पोत बोटांनी चाचपला, पदर उलटून पाहिला आणि म्हणाली, “कापड चांगलं आहे. रंग मात्र दुकानदाराच्या आवडीचा दिसतोय.” दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं सोलापूरला गेली. तिनं अर्धं दुकान खाली काढायला लावलं आणि पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचं लुगडं निवडलं. अप्पा नंतर कितीतरी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत. तक्रारीच्या सुरात सुरू करत, पण शेवटाकडे येईतो त्यांचा चेहरा उजळलेला असे.

इरकलचा पदर बघावा कसा, हे तिनंच मला शिकवलं. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. अंग सुती, पदर लाल रेशमाचा. विणकर एकेक धागा दुसऱ्याच्या फासात अडकवून हे दोन्ही ताणे जोडतो, म्हणून प्रत्येक लुगड्यासाठी ताणा नव्यानं लावावा लागतो. जिथं सूत संपून रेशीम सुरू होतं तिथं अव्वा माझं बोट फिरवायची. त्या लाल पदरावर पांढऱ्या रेशमाची नक्षी होती: फणी, किल्ल्याचा तट आणि जोंधळ्याचं कणीस. त्या कणसांवर तिचा फार जीव. मालदांडी पिकवणाऱ्या बाईच्या पदरावर कणीस शोभणारच. आमची दोन बोलींची माणसंही अशीच एकमेकांत गुंतलेली आहेत, असं मला पुढे मोठेपणी वाटू लागलं.

हे लुगडं तिनं जपून ठेवून झिजवलं नाही, नेसून झिजवलं. संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जाताना नेसायची. वेळ अमावस्येला तर थेट रानात. मार्गशीर्षातली ती अमावस्या म्हणजे आमच्याकडचा खरा सण. जोंधळ्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पूजा मांडायची, मग आंबील, उंडे आणि ती सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी. अप्पा म्हणत, “काळ्या रानात नवं कशाला नेसतेस?” ती म्हणे, “लक्ष्मीच्या पूजेला जुनं नेसू?” अप्पांकडे याला उत्तर नसे.

मग दुष्काळ आला. विहीर आटली, बैल गेले. अव्वा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जाऊ लागली. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि अव्वा तिच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी बघायची. त्या दिवसांत तिचे चांदीचे वाळे विकले गेले, पितळेची मोठी भांडी गेली. एका संध्याकाळी अप्पांनी लुगड्याचा विषय काढला. तिनं शांतपणे सांगितलं, “ते विकून घरात चार दिवसांचे दाणे येतील. चार दिवसांनी पुन्हा माझे हातच लागणार आहेत. हात आहेत तोवर लुगडं राहू दे.” त्या दिवाळीला घरात गोडधोड काही नव्हतं. तिनं अंगण सारवलं, आंघोळ केली, डाळिंबी लुगडं नेसली आणि उंबऱ्याशी पणती लावली. गल्लीतल्या काहीजणींनी नाकं मुरडली. मी तेव्हा लहान होते, पण तिला तशी उभी पाहून घरातल्या सगळ्यांचीच मान जरा वर झाली, हे मला पक्कं आठवतं. भूक आणि हौस एका घरात राहू शकतात. हौस राहिली तर भुकेपुढे माणूस वाकत नाही.

मी सोलापूरला सासरी गेले. माझी लेक झाली तेव्हा लुगड्याचं अंग विरलं होतं, पदर मात्र शाबूत. अव्वानं पदर कापून ट्रंकेत ठेवला आणि अंगाची झोळी माळवदाच्या तुळईला बांधली. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या सुतात लेक चटकन झोपायची. झोळीचे दिवस संपल्यावर त्याच कापडाची कौदी झाली. दुपारी जमिनीवर कापडं पसरून अव्वा कडेकडेनं टाके घालत आत सरकायची. शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात जोंधळ्याचे चार दाणे टाकायची आणि म्हणायची, “पांघरणानं उपाशी राहू नये.” टाका वाकडा गेला तर उसवून पुन्हा घालायची. घरातल्या पांघरणाला कोण बघतंय, असं म्हटलं की सांगायची, “मी बघते ना.”

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही मैंदर्गीत होतो. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, सगळं गाव दमून झोपलेलं. चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारीच्या बाजूला काय अनर्थ झाला ते उजाडल्यावर कळलं. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीच्या जाड थराचं माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. आमचंही घर त्याच बांधणीचं. अव्वानं नातीला कौदीसकट उचललं आणि अंगणात आणलं. पुढे कितीतरी रात्री सगळी गल्ली उघड्यावर झोपली. तिनं घरातली सगळी पांघरुणं बाहेर काढून शेजाऱ्यांना वाटली, पण डाळिंबी कौदी नातीच्याच अंगावर राहिली. घाबरलेलं पोर ती ओढून घेतल्याशिवाय झोपायचं नाही.

नात मोठी झाली, नोकरीला पुण्यात गेली. तोवर शहरांत खण आणि इरकल पुन्हा मिरवू लागले होते. ती सुट्टीत खणाचा झगा घालून आली तेव्हा अज्जीला कोण आनंद. तिनं ट्रंकेतून पदर काढला आणि नातीच्या लग्नाच्या पोलक्यासाठी दिला. शिंप्यापुढे स्वतः जाऊन बसली. कणसं पाठीवर आली पाहिजेत, तिरपी चालणार नाहीत, हे तिनं त्याला इतक्यांदा बजावलं की अखेर त्यानं खडूनं आखून तिची मान्यता घेतली.

अव्वा गेली तेव्हा अप्पा मागे राहिले. शेवटचं लुगडं कुठलं नेसवायचं यावर बायका बोलत असताना अप्पा उठले, नातवाला बरोबर घेतलं आणि गाडी करून अक्कलकोटला गेले. दुकानदारानं पुढे टाकलेला गठ्ठा त्यांनी बाजूला सारला आणि रंग स्वतः सांगितला. डाळिंबी.

परवा माझ्या नातीनं विचारलं, “पणजीला काय आवडायचं?” मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. डाळिंबी रंग. पदरावरची कणसं. कडक भाकरीवर शेंगाचटणी आणि दही. गड्ड्यातली गर्दी. सरळ टाका. अप्पांनी परत परत सांगितलेली ती सोलापूरची गोष्ट. माझ्या ओळखीच्या किती शिकल्यासवरल्या माणसांना आपल्या आईबद्दल हे सांगता येत नाही. तिनं काय काय सोसलं त्याची यादी त्यांच्याकडे असते, पण तिला काय हवं होतं हे विचारायचं राहून गेलेलं असतं. आपण तिच्या त्यागाला नमस्कार करतो आणि तिच्या आवडीनिवडी तिच्याबरोबर जाऊ देतो. ज्यांची आई आज घरात आहे, त्यांनी तिला एकदा दुकानात न्यावं, स्वतः काही न निवडता बाजूला उभं राहावं आणि ती सांगेल तो रंग बांधून घ्यावा.