लेहचा हिवाळा आणि दाराजवळची जागा

आम्ही चंद्रपूरची माणसे. मे महिन्यात ४७ अंशांत कूलरसमोर ओला टॉवेल घेऊन झोपणारी. २०२२ साली लेहला बदलीचा कागद हातात पडला तेव्हा लेकरांची आजी म्हणाली, "जा तुमचे तुम्ही. लेकरायले काऊन नेता तिकडं?" थोरली सात वर्षांची, धाकटा चार. पण वायरमनच्या पगारात दोन ठिकाणी दोन संसार चालत नाहीत. सगळेच गेलो.

इकडे सगळ्यांना वाटते, लेहला माणूसभर उंच बर्फ पडत असेल. तसे नाही. तो कोरडा मुलूख आहे. बर्फ अधूनमधून पडतो, पण पडला की सावलीच्या बाजूला कित्येक दिवस तसाच राहतो. खरी असते ती थंडी. जानेवारीच्या रात्री पारा उणे पंधराच्याही खाली जातो. पहिला बर्फ पडला त्या सकाळी दोघे पोरे पुस्तकातल्यासारखा बर्फाचा माणूस करायला अंगणात धावली. मूठ वळेचना! तिथला बर्फ इतका सुका की रव्यासारखा बोटांतून गळून जातो. धाकटा रडत घरात आला आणि म्हणाला, "हा बर्फ खोटा आहे."

मोठ्यांना त्या बर्फाचे वेगळेच काम. घरांची छपरे मातीची, सपाट. बर्फ वेळीच लोटला नाही तर वितळून खोलीत गळतो. म्हणून घरमालकीणबाई पहाटेच फावडे घेऊन वर. त्यांना आम्ही सगळे आमा-ले म्हणत असू. आमा म्हणजे आई आणि ले म्हणजे आपला जी. साठीच्या पुढच्या, पण शिडी अशी चढायच्या की आम्ही खाली धापा टाकत बघत राहायचो. साडेअकरा हजार फुटांवर आम्हाला चपलेचा बंद लावतानाही दम लागे.

संसार आम्ही नव्याने शिकलो. नळ गोठतात, त्यामुळे पाणी बादलीने आणायचे. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे साध्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकर नसता तर आम्ही उपाशीच राहिलो असतो. खोबरेल तेलाची बाटली बुखारीजवळ ठेवावी लागे. दोरीवरचा शर्ट तासाभरात लाकडाच्या फळीसारखा ताठ व्हायचा, तो उभा धरून धाकटा 'बाबा आले' म्हणून नाचवायचा. बटाटे-गाजर-मुळा जमिनीतल्या खड्ड्यात पुरून ठेवायचे आणि लागेल तसे काढायचे, हेही आमा-लेंनीच शिकवले. शाळा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर बंद. म्हणजे अडीच महिने दोन पोरे, एक खोली आणि एक बुखारी. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी. तिचा धूर नळीने खिडकीबाहेर जातो.

त्याच नळीने आमचा जीव घेतला असता. लोसर, म्हणजे तिकडचे नवे वर्ष, आठवड्यावर आले होते. संध्याकाळी धाकट्याने उलटी केली, थोरली डोके धरून बसली. आम्हाला वाटले, थंडी बाधली. आम्ही आणखी लाकूड घातले. आमा-ले काही द्यायला म्हणून आत आल्या आणि एक शब्द न बोलता त्यांनी खिडकी सताड उघडली, पोरांना बाहेर ओढले. नळी काजळीने तुंबली होती, धूर उलटा खोलीत साचत होता. या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही. वाचकांपैकी कुणी थंड मुलखात शेगडी पेटवून झोपत असेल तर झोपण्यापूर्वी ती विझवा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. आम्हाला हे कुणी सांगितले नव्हते.

त्या रात्रीच आमा-लेंनी लोहाराला बोलावणे पाठवले. तो कंदील घेऊन आला, बर्फात उभा राहून त्याने नळी उतरवली, झाडली, नवा सांधा बसवला. सोबत त्याची मुलगी. ती थोरलीच्याच वर्गातली निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज आमच्याकडे खेळायला येऊ लागली.

लोसरला आमा-लेंनी आम्हाला जेवायला बोलावले. भिंतीलगत गालिचे, पुढे बुटकी नक्षीदार मेजे. बसण्याची एक ओळ असते. मान मोठा तो वर, लहान तो खाली. आम्हाला पाहुणे म्हणून बरेच वर बसवले. लोहार आणि त्याची मुलगी शेवटी, दाराजवळ, जिथे दर वेळी थंड वारा आत येत होता. थोरलीने विचारले, "आई, ती तिथं का बसली? इथं जागा आहे ना?"

आम्हाला ठाऊक होते. गारा म्हणजे लोहार, मोन आणि बेदा म्हणजे वाजवणारे. १९८९ च्या अनुसूचित जमातींच्या यादीत ही नावे आहेत, पण पंक्तीत त्यांची जागा खालीच. बुद्धाच्या मुलखात हे दिसेल असे आम्हाला वाटले नव्हते, हा आमचा भोळेपणा. आम्ही गप्प बसलो, हे कबूल करतो. आठ दिवसांपूर्वी आमच्या पोरांचा जीव या बाईने वाचवला होता. तिच्या घरात, तिच्या सणाला काय बोलायचे?

थोरली उठली आणि आपली वाटी घेऊन दारापाशी मैत्रिणीजवळ जाऊन बसली. मग आम्हालाही वर बसवेना. आम्ही दोघे धाकट्याला घेऊन खाली गेलो. लोहार संकोचाने आणखी दाराकडे सरकला, तेच जास्त लागले. आमा-लेंनी किटली घेऊन तिथे येऊन चहा ओतला, पण आमच्याकडे पाहिले नाही.

चार दिवस त्या आमच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी धाकट्याचा खोकला भिंतीपलीकडे ऐकू गेला असावा. त्या वाळलेली जर्दाळू घेऊन आल्या. बुखारीभोवती तिघे पोरे चित्र काढत बसली होती. आमा-ले जरा थांबल्या, मग तिघांना हात पुढे करायला सांगितले आणि एकेकाच्या तळहातावर जर्दाळू ठेवली. लोहाराच्या मुलीच्या हातावर ठेवताना त्यांनी आपला हात किंचित वर धरला होता का, यावर आम्हा दोघांत अजून वाद आहे.