तीन वेढे
हावडा-मुंबई मार्गावरच्या चांदूर रेल्वे या आमच्या गावातून पश्चिमेची गाडी धरली की शेवटी समुद्र लागतो. पण आम्हा पोरांना ठाऊक असलेलं मोठं पाणी म्हणजे मालखेडचा तलाव. दोर बांधायला मी शिकलो तो शाळेच्या पटांगणात, शिपाईकाकाजींच्या हाताखाली.

झेंड्याचा खांब म्हणजे गुळगुळीत लोखंडी पाइप. वर कप्पी होती, पण खाली दोर अडकवायला कडी नव्हती. आठवीत असताना 15 ऑगस्टला मी हौसेनं दोर बांधला. राष्ट्रगीत चालू असतानाच गाठ सरकली आणि झेंडा हातभर खाली आला. काकाजी पुढे झाले, दोर धरून शेवटपर्यंत ताठ उभे राहिले. गुरुजींनी विचारलं तेव्हा म्हणाले, “दोर ओला होता जी.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

पोरं पांगल्यावर त्यांनी मला पाइपाजवळ बसवलं. “ओढ कोनीकडून हाय ते पाह्य. तिकडल्या अंगाले तीन वेढे घाल, मंग गाठ मार.” दोर वर ओढला जात होता, म्हणून वेढे वरच्या अंगाला. जितकी ओढ वाढेल तितके ते पाइपाला आवळून बसत.

पुढे नोकरीनं मुंबईला आणलं. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 19 मे 2010 रोजी परतले. त्या बातम्यांनी मला शिडाच्या होडीकडे ओढलं. काही वर्षांनी चौघांत मिळून एक 20 फुटी जुनी होडी घेतली. 26 जानेवारीला तिच्यावर तिरंगा लावायचा ठरलं. मागच्या टोकाला काठी उभारली तर सुकाणू धरणाऱ्याची अडचण, आणि काठी कलली तर झेंडा पाण्याला लागणार. ध्वजसंहितेप्रमाणे तो पाण्यात लोळता कामा नये. उरली डोलकाठीच्या शेंड्यापासून मागे ताणलेली पोलादी तार. तिच्यावर वर एक, खाली एक अशा दोन छोट्या कप्प्या बांधायच्या आणि त्यांतून दोराचा फेरा खेळवायचा. फेरा ताठ हवा, नाहीतर झेंडा तारेला गुंडाळतो. पण ताठ केला की वरची कप्पी तारेवरून घसरत खाली येई. दोन रविवार आम्ही त्यात घालवले.

मग तो पाइप आठवला. इथं ओढ खालून होती. वेढे खालच्या अंगाला घेतले, तीन. 26 जानेवारीला दिवस मावळेपर्यंत कप्पी बोटभरही हलली नाही.

त्या उन्हाळ्यात चांदूरला जाऊन काकाजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोर सुताचा का नायलानचा?”

“नायलॉनचा.”

“मंग तो निसटते. एक वेढा जास्त घे.”

तेव्हापासून मी चार घेतो.