सैल स्टिअरिंग

जेथें दुखतें तेथेंच दुखण्याचें मूळ असावें, अशी मनुष्याची स्वाभाविक समजूत असते. बोटांत कांटा रुतला असतां ती खरी ठरते. मोटारीच्या बाबतींत मात्र ती मनुष्याला दरीच्या कांठापर्यंत नेऊं शकते. चार चाकांचा रस्त्याशीं जो व्यवहार चालतो, त्याची बरीचशी वार्ता ड्रायव्हरला त्याच्या दोन तळहातांतूनच मिळते. त्यामुळें गाडीच्या कोणत्याहि भागांतला ढिलेपणा शेवटीं स्टिअरिंगच्याच माथीं मारला जातो.

हा विचार आमच्या मनांत येण्यास आमच्या पुतण्याची पिकअप गाडी कारण झाली. ओतूरकडील भाजीपाला भरून तो आठवड्यांतून तीनदां माळशेज घाट उतरतो आणि कल्याणचा बाजार गांठतो. गाडी आठ वर्षांची. तिचे हप्ते नुकतेच फिटलेले. घरांत रोख पैसा येतो तो तिच्याच चाकांवरून. गेल्या उन्हाळ्यांत ती भरकटूं लागली. सरळ रस्त्यावरहि तिला सारखें सांवरावें लागे, आणि माल भरलेला असला म्हणजे वळणावर तिची मागची बाजू जणूं निराळ्याच विचारानें चाले. एका गॅरेजांत स्टिअरिंगच्या पेटीवरील स्क्रू आवळून देण्यांत आला. हाताला लागणारा सैलपणा कमी झाला खरा. परंतु वळणानंतर जें स्टिअरिंग आपोआप सरळ येत असे, तें आतां वळल्या जागींच अडूं लागलें. पावसाळा तोंडावर आला होता. आमचे ज्येष्ठ बंधु म्हणाले, "गाडी विकून टाका. पोरगा घाटांत असतो, आणि इकडे माझ्या डोळ्याला डोळा लागत नाहीं."

त्या पेटींत एक मळसूत्री दांडी असते. तिच्यावर पोलादी गोळ्यांच्या आधारानें एक नट सरकतो, आणि नटाच्या दांत्यांनीं पुढची दांडी फिरते. वरचा स्क्रू त्या दांत्यांतलें अंतर कमीजास्त करतो. त्याची सत्ता तेवढीच. अंतर वाजवीपेक्षां कमी झालें कीं दांते एकमेकांस जखडतात. शिवाय पेटीपासून चाकापर्यंत आणखी किती तरी सांधे असतात. पूर्वीं चारचाकी घोडागाडीचा पुढला आंस सबंधच्या सबंध एका खिळीभोंवतीं वळे. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नांवाच्या गाडीकारानें दोन्हीं चाकें आपआपल्या खिळीवर वळवून तीं दांड्यांनीं जोडण्याची युक्ति काढली, आणि १८१८ सालीं ॲकरमन यांनीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. तीच युक्ति पुढें मोटारीनें उचलली. वळणें सोपें झालें, पण सांधे वाढले. आणि सांधा म्हटला कीं झीज आलीच.

शेवटीं आम्ही ज्या वृद्ध मिस्त्रीकडे गेलों, त्यानें प्रथम स्टिअरिंगला हातहि लावला नाहीं. त्यानें टायरांतली हवा मोजली; मागल्या टायरांत ती कमी असेल तर लादलेली गाडी डोलते. पुढल्या टायरांवरून त्यानें बोटें फिरविलीं. झीज करवतीच्या दांत्यांसारखी लागली तर चाकांचा रोख बिघडला, असें समजावयाचें. मग गाडी जमिनीवर उभी असतांनाच पुतण्याला स्टिअरिंग थोडें डावें-उजवें हलवावयास सांगून तो स्वतः खालीं शिरला आणि एकेका सांध्यावर त्यानें हात ठेविला. दांडी आधीं हलते आणि तिला जोडलेला भाग मागून हलतो, असें जेथें आढळेल तेथें झीज. त्यानंतर त्यानें चाक जॅकवर उचललें. डाव्या-उजव्या कडांना धरून तें हाललें तर संशय टाय रॉडच्या टोंकांचा. वर-खालीं धरून हाललें तर बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. या शेवटच्या दोहोंतला भेद करण्यासाठीं तो ब्रेक दाबावयास सांगतो. ब्रेकनें चाक आणि त्यामागचा भाग जखडले जातात. मग हेलकावा थांबला तर दोष बेअरिंगचा, न थांबला तर पलीकडील सांध्याचा. मिलच्या १८४३ सालच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत व्यतिरेकाची जी पद्धति सांगितली आहे, ती आम्ही पंचवीस वर्षें फळ्यावर शिकवीत आहों. एकच गोष्ट बदला आणि काय नाहींसें होतें तें पाहा, हें तिचें सार. त्याला इतकें नेमकें उदाहरण आम्हांस पूर्वीं मिळालें नव्हतें.

डाव्या टाय रॉडचें टोंक झिजलेलें निघालें. पण मुख्य दोष गाडीच्या मागच्या अंगाला होता! मागचा आंस पाट्यांनीं जागेवर धरलेला असतो. त्या पाट्यांच्या टोंकांचे रबरी बुश फाटून गेले होते आणि एका बाजूचे यू बोल्ट ढिले पडले होते. वळणावर भार एका कुशीवर जातांच आंस किंचित् तिरपा होई, आणि मागचीं चाकें ड्रायव्हरला न विचारतां गाडी वळवूं लागत. स्टिअरिंग फिरवूनहि गाडी वळत नाहीं, हा सैलपणा. तें न फिरवतां गाडी वळते, हें भरकटणें. हे दोन निराळे रोग आहेत, आणि पहिल्याचें औषध दुसऱ्याला दिल्यानें घाटांत प्राणावर बेतूं शकतें.

बुश आणि टाय रॉडचें टोंक बदललें, यू बोल्ट आवळले, पेटीवरचा स्क्रू पूर्वस्थितीला आणला. अलाइनमेंट सर्वांत शेवटीं झालें. कारण सैल सांध्यांवर घेतलेलें माप दुसऱ्या दिवशीं खोटें ठरतें.

"हें कधींपासून होतें?" मिस्त्रीनें विचारलें. "झाला असेल महिना," पुतण्या म्हणाला. मिस्त्रीनें फाटका बुश त्याच्या हातावर ठेविला. "हें महिन्याचें काम नव्हे, दादा. वर्षाचें आहे."

दोघेहि खरेंच बोलत होते. झीज केसाकेसानें वाढली आणि तितक्याच मंद गतीनें पुतण्याचा हात तिच्याशीं जुळवून घेत गेला. ड्रायव्हर जितका कुशल, तितका दोष अधिक काळ झांकला जातो. म्हणून गाडी तपासणारा मनुष्य ती रोज हांकणाऱ्याहून निराळा असावा. गाडी दुरुस्त झाल्यावर पहिल्या खेपेहून परतलेला पुतण्या म्हणाला, "काका, गाडी नीट झाली, पण हात अजून आधींच फिरतो." नसलेला सैलपणा त्याचा हात अजूनहि भरून काढीत होता. ती संवय मोडावयास एक आठवडा लागला. त्या आठवड्यांत त्यानें अर्धाच माल भरला आणि घाट दिवसाउजेडीं उतरला.