परसातलं लाकूड

तळकोकणातल्या आमच्या पिढीच्या घरांत लाकूड वखारीतून क्वचितच यायचं. फणस परसात, खैर डोंगराच्या उतारावर, पांगारा कुंपणात. कुठलं लाकूड कशाला, हे घरातल्या बायकांनाही सुताराइतकंच ठाऊक. मुसळ खैराचं, कारण ते घाव सोसतं. जेवायचे पाट फणसाचे. नवे असताना पिवळेधमक, वापरून वापरून तांबूस होत गेलेले. फळतं झाड कुणी तोडत नसे. वाऱ्यात एखादा फणस पडला, की ओंडके पडवीत रचायचे. आजोबा त्यांवर बोटं वाजवून बघत. "अजून ओला आसा," म्हणाले की सुताराला निरोप पुढच्या उन्हाळ्यात.

खेळणी मात्र पांगाऱ्याची. दाराला नको, खाटेला नको असं हे मऊ, पांढरट लाकूड. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या कारागिरांनी त्याचा हलकेपणाच हेरला. त्यातून केळी, आंबे, काजूची बोंडं कोरली, रंगवली. भातुकलीतली जाती, उखळं घडवली. कातकामाच्या वस्तूंवर लाख चढे. वस्तू गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते. आळीत उभं राहून ते बघताना आम्हा भावंडांना बाजाराचं भान उरत नसे. चवथीला मुंबईहून आलेली भावंडं परतताना त्यांच्या ट्रंकेत एक तरी लाकडी फळ जायचंच. आमच्या घरातल्या आंब्यावर तीन पिढ्यांच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत, आणि मला तो कुठल्याही दागिन्यापेक्षा मोलाचा वाटतो.

पांगाऱ्याचा खरा गुण आम्हाला फार उशिरा उमगला. फांद्या छाटल्या तरी झाड मरत नाही, उलट जोमानं फुटतं. तोडलेल्या फांदीचा खुंट पावसाच्या तोंडावर रोवला तर तोही मूळ धरतो. त्याच खुंटांचं कुंपण व्हायचं, त्यांवरच मिरवेल चढायची, आणि शिमग्याच्या सुमारास पानं झडलेल्या काटेरी फांद्या लाल फुलांनी भरून जायच्या. खेळण्यापुरतं लाकूड निघायचं, तरी कुंपण शाबूत. पुढे चिऱ्याचे गडगे नि सिमेंटच्या भिंती आल्या, तसा आमच्या वाडीतला पांगारा गेला.

यंदा आम्ही चुलत-मावस भावंडांनी मिळून गावच्या घराची मागची भिंत पडली तिथे पुन्हा पांगाऱ्याचे खुंट लावायचं ठरवलंय. मिरवेल कुठल्या खुंटावर चढवायची, यावरून थोरल्या ताईचा आणि धाकट्या भावाचा वाद आतापासूनच सुरू झालाय.